लोखंडाच्या रक्षणाला धातूचा थर: निवड, प्रक्रिया आणि तपासणी

पोलादावर पाण्याचा पातळ पापुद्रा साचला की त्या ओलाव्यात एक इवलासा विद्युतघट सुरू होतो. पृष्ठभागाचा काही भाग ॲनोड बनतो. तिथले लोखंड इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनांच्या रूपात पाण्यात उतरते. शेजारचा भाग कॅथोड बनतो आणि तिथे हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो. पाण्यात मीठ असेल तर प्रवाह सहज वाहतो आणि गंज झपाट्याने वाढतो. रंग या घटाला पाणी आणि हवा मिळू देत नाही, इतकेच त्याचे काम. धातूचा थर तेही करतो, शिवाय घटात ॲनोड कोण आणि कॅथोड कोण हेही तोच ठरवतो.

त्यामुळे थर निवडताना चकाकी किंवा किंमत नंतर पाहावी. आधी एकाच प्रश्नाचे उत्तर हवे: या थराला ओरखडा पडला तर आधी कोण गंजेल, थर की खालचे लोखंड? जाडी किती ठेवायची, तपासणी कशाची करायची आणि दुरुस्ती कशी करायची, हे सगळे त्या उत्तरावर ठरते.

ओरखडा पडल्यावर काय होते

प्रमाण विद्युत विभव पाहिले तर जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, निकेल उणे ०.२५, कथील उणे ०.१४ आणि तांबे अधिक ०.३४ व्होल्ट. दोन धातू एकमेकांना टेकलेले असून दोन्हींवर एकच पाणी असेल, तर ज्याचे विभव जास्त उणे तो ॲनोड होतो आणि झिजतो.

जस्ताच्या थराला ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तर जस्त झिजते आणि उघडे लोखंड कॅथोड म्हणून सुरक्षित राहते. हे संरक्षण काही मिलिमीटर रुंदीच्या ओरखड्यापर्यंत पोचते. त्याहून रुंद जागेच्या मध्यभागी ते अपुरे पडते, कारण पातळ ओलाव्यातून प्रवाह फार दूर जात नाही. कापलेल्या जस्ती पत्र्याची पातळ कड रंगाशिवायही बराच काळ तग धरते ती याच कारणाने.

निकेल, कथील किंवा तांब्याच्या थराखाली हे चित्र उलटे असते. थर अखंड आहे तोवर उत्तम. पण त्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र असेल तर तळाशी उघडे पडलेले लोखंड ॲनोड होते आणि भोवतालचा सगळा थर कॅथोड. लहान ॲनोडवर मोठ्या कॅथोडचा भार पडला की सगळा प्रवाह त्या एका ठिपक्यात एकवटतो. लोखंड तिथे उभे खोदले जाते आणि वरचा थर मात्र चकचकीतच दिसत राहतो. सच्छिद्र निकेल चढवलेला भाग काही वेळा साध्या उघड्या लोखंडापेक्षा लवकर आरपार होतो, तो यामुळेच.

विभवांचा तक्ता मात्र डोळे झाकून वापरू नये. क्रोमियमचा आकडा जस्ताच्या जवळपास आहे, तरी त्यावर आपोआप घट्ट ऑक्साइड बसते आणि ते व्यवहारात लोखंडासमोर कॅथोडसारखे वागते. ॲल्युमिनियमचा आकडा उणे १.६६, पण ऑक्साइडमुळे साध्या हवेत ते जस्ताइतक्या तत्परतेने झिजत नाही. क्लोराइड असलेल्या पाण्यात ते जागे होते. खाद्यपदार्थांच्या बंद डब्याच्या आत कथिलाची भूमिका उलटते: सेंद्रिय आम्ले कथिलाच्या आयनांना बांधून ठेवतात, त्यामुळे ऑक्सिजन नसलेल्या त्या जागेत कथील लोखंडासमोर ॲनोड बनते. तेच कथील तांब्यावर, म्हणजे कल्हईच्या थरात, आकड्याप्रमाणेही ॲनोडच असते. जस्ताचीही अशीच एक खोड आहे. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वरच्या काही पाण्यांत जस्ताचे विभव लोखंडाच्या वर सरकते आणि जस्ती पाइपात खड्डे पडू लागतात. गरम पाण्याच्या सतत चालणाऱ्या लाइनसाठी जस्ती पाइप निवडण्याआधी पाण्याचे पृथक्करण पाहावे.

एका धातूचा बळी देऊन दुसरा वाचवायची कल्पना जुनी आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचवता येते हे दाखवले. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतले.

जाडीवरून आयुष्य काढणे

झिजणाऱ्या थराचे गणित सरळ आहे: जाडी भागिले वार्षिक झीज. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे, कमी ते जास्त गंजकारक असे, वर्ग दिले आहेत. जस्ताची झीज सी-२ वर्गात वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सी-३ मध्ये ०.७ ते २.१, सी-४ मध्ये २.१ ते ४.२ आणि सी-५ मध्ये ४.२ ते ८.४ मायक्रॉन असते. सी-३ म्हणजे साधारण शहरी हवा. खारे वारे आणि कारखान्यांचा धूर असलेल्या जागा सी-५ कडे जातात.

८५ मायक्रॉनचा थर सी-३ मधल्या सर्वाधिक झिजेनेही ४० वर्षे पुरतो. सी-५ मध्ये तोच थर १० ते २० वर्षांत संपतो. ८ मायक्रॉनचे प्लेटिंग (विजेच्या प्रवाहाने चढवलेला थर) सी-३ मध्ये वाईट परिस्थितीत चार वर्षेही टिकत नाही. ‘झेड २७५’ पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, अर्थात एका बाजूला सुमारे २० मायक्रॉन. २७५ हा आकडा एका बाजूचा समजून हिशेब केला तर आयुष्य थेट दुप्पट येते, आणि ही चूक वारंवार होते. १ मायक्रॉन जस्त म्हणजे चौरस मीटरला ७.१४ ग्रॅम, एवढे लक्षात असले की कोणताही आकडा पडताळता येतो.

निकेल-क्रोमला हे गणित लागू नाही. ते झिजून संपत नाही, छिद्रातून हरते. तिथे जाडी वाढवायची ती छिद्रे बुजावीत म्हणून.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंग

बाहेर उघड्यावर राहणाऱ्या पोलादी सांगाड्यासाठी, खांबांसाठी, जाळ्यांसाठी वितळलेल्या जस्तात माल बुडवण्याची ही पद्धत पहिली पसंती असावी. थर नुसता चिकटलेला नसतो. लोखंड आणि जस्त यांची मिश्रधातूंची पुटे तयार होतात: आत गॅमा, मग डेल्टा, त्यावर झीटा आणि सर्वांत वर जवळपास शुद्ध जस्ताचे ईटा. डेल्टा आणि झीटा ही पुटे मऊ पोलादापेक्षा कठीण असतात, म्हणून हाताळणीतले धक्के हा थर चांगले सोसतो.

काम बिघडते ते बहुतेक वेळा भट्टीवर येण्याआधी, आराखड्यातच. पोकळ पाइप दोन्ही टोकांना बंद असेल तर आतली हवा आणि ओलावा ४५० अंशांच्या जस्तात फुगून पाइप फोडतो. भोवती उभ्या माणसांवर वितळलेले जस्त उडते. त्यामुळे प्रत्येक पोकळ भागाला हवा सुटायला आणि जस्त निथळायला समोरासमोरच्या कोपऱ्यांत, टोकाला अगदी लागून छिद्रे हवीतच. लहान पाइपालाही १० ते १२ मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र ठेवू नये, मोठ्या पाइपाला व्यासाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास ठेवावे. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून वेल्ड केल्या तर मधल्या फटीत आम्ल शिरते, पण जस्त शिरत नाही. महिन्याभराने त्या फटीतून तपकिरी पाणी गळू लागते. एकतर कड सलग वेल्ड करून फट बंद करावी (आच्छादन मोठे असेल तर त्यालाही हवेचे छिद्र लागते), किंवा किमान २.५ मिलिमीटरची मोकळी जागा ठेवावी.

पोलादातल्या सिलिकॉनकडे सहसा कोणी पाहत नाही. ते ०.०४ ते ०.१४ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर झीटाचे स्फटिक बेफाम वाढतात. थर जाड, करडा आणि ठिसूळ होतो, पापुद्रे सुटतात. याला सँडेलिन परिणाम म्हणतात. ०.०४ टक्क्यांहून कमी किंवा ०.१५ ते ०.२२ टक्के सिलिकॉनचे पोलाद मागवावे आणि माल घेतानाच मिलचे प्रमाणपत्र पाहावे. बाथमध्ये, म्हणजे वितळलेल्या जस्ताच्या टाकीत, सुमारे ०.०५ टक्के निकेल ठेवल्याने हा त्रास आटोक्यात येतो, सगळा जात नाही.

आता क्रम.

१. वेल्डचा स्लॅग (वेल्डवर साचलेला काचेसारखा मळ), रंगाच्या खुणा आणि वेल्डचे थेंब चिकटू नयेत म्हणून मारलेला स्पॅटरविरोधी फवारा हाताने किंवा ब्लास्टिंगने (हवेच्या दाबाने कण मारून) काढा. आम्ल या गोष्टींना हात लावत नाही. तयार मालावर वेल्डच्या रेषेत काळे ठिपके दिसले तर दोष इथला असतो.

२. कॉस्टिकच्या गरम द्रावणात, ६० ते ८० अंशांवर, तेल-ग्रीस काढा. खात्री करायची तर माल धुऊन उभा धरा. पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट सलग राहिला तर काम झाले. तो तुटून थेंब जमले तर तिथे अजून तेल आहे.

३. स्वच्छ पाण्यात धुवा. कॉस्टिक पुढे गेले तर ते फुकट आम्ल खाते.

४. पिकलिंग, म्हणजे आम्लाने गंज काढणे: साध्या तापमानाला १० ते १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात इन्हिबिटर (आम्लाला लोखंड खाण्यापासून रोखणारे रसायन). गंज आणि मिल स्केल (पोलाद लाटताना बसलेले ऑक्साइडचे कवच) निघताच माल बाहेर काढा. जास्त वेळ ठेवला तर पृष्ठभाग खडबडीत होतो, जस्त जास्त लागते. आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीही नाही.

५. पुन्हा धुवा, आणि इथे कंजुषी नको. मालावरून लोखंडाचे क्षार पुढच्या पायरीतल्या फ्लक्समध्ये (जस्त नीट धरावे म्हणून पृष्ठभाग साफ ठेवणाऱ्या द्रावणात) गेले तर ते पुढे बाथमध्ये जातात. १ भाग लोखंड सुमारे २५ भाग जस्त ओढून तळाशी ड्रॉस, म्हणजे घट्ट गाळ, म्हणून बसवते. फ्लक्समधले लोखंड लिटरला ५ ग्रॅमच्या खाली ठेवा.

६. झिंक अमोनियम क्लोराइडचा फ्लक्स, ६० ते ८० अंशांवर. मग पूर्ण सुकवा. ओला माल जस्तात गेला की जस्त उडते.

७. किमान ९८ टक्के जस्ताच्या, सुमारे ४५० अंशांच्या बाथमध्ये तिरका उतरवा. शुद्ध जस्त ४१९.५ अंशांना वितळते. माल बाथच्या तापमानाला येऊन उकळी शांत होईपर्यंत ठेवा, बहुतेक कामांत हे काही मिनिटांत होते. विनाकारण रेंगाळू दिला तर मिश्रधातूचा थर वाढतो.

८. बाहेर काढण्याआधी पृष्ठभागावरची राख बाजूला सारा आणि माल सावकाश, एका गतीने उचला. मिनिटाला दीड मीटर ही चांगली गती आहे. घाई केली तर गुठळ्या आणि ओघळ राहतात.

नट-बोल्टात एक बारकावा आहे. बोल्टाचे आटे थरासकट वापरायचे, पण नटाचे आटे गॅल्व्हनायझिंगनंतर थोडे मोठे टॅप करायचे. नटाच्या आतले लोखंड उघडे राहते म्हणून घाबरू नये, बोल्टावरचे जस्त त्याला टेकून असते आणि तेच त्याचे रक्षण करते.

इलेक्ट्रोप्लेटिंग: जस्त

लहान स्क्रू, क्लिपा, बारीक मापाचे सुटे भाग यांना ५ ते २५ मायक्रॉनचे जस्त प्लेटिंग बसते. माप बिघडत नाही, पण थर पातळ असल्याने ते घरातल्या किंवा आच्छादित जागेसाठीच.

किती वेळ ठेवायचे हे अंदाजाने ठरवू नये. १ अँपिअर-तासाला १.२२ ग्रॅम जस्त बसते. चौरस डेसिमीटरला २ अँपिअर प्रवाह ठेवला तर तासाला २.४४ ग्रॅम, म्हणजे ३४ मायक्रॉन. बाथची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर १० मायक्रॉनला साडेअठरा मिनिटे लागतात. क्षेत्रफळ मोजताना आतल्या बाजू विसरल्या की हिशेब फसतो आणि थर पातळ येतो.

हा आकडाही सरासरीच असतो. प्रवाह कडांवर आणि टोकांवर गर्दी करतो, खाचांत कमी पोचतो आणि नळीच्या आत जवळपास पोचतच नाही. आम्ली क्लोराइड बाथ चकाकी आणि वेग देतो. क्षारीय बाथ (लिटरला ८ ते १२ ग्रॅम जस्त, १०० ते १४० ग्रॅम कॉस्टिक सोडा) सावकाश पण अधिक समान थर देतो. खाचाखोचा असलेल्या भागांना दुसराच निवडावा. सायनाइडचा बाथ असेल तिथे आम्लाची टाकी, तिची गळती, तिचा निचरा हे सारे पूर्ण वेगळे ठेवा: दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो.

प्लेटिंगनंतर पॅसिव्हेशन (रासायनिक द्रावणाने जस्तावर संरक्षक पापुद्रा बसवणे) हवेच, त्याविना इतके पातळ जस्त लवकर पांढरे पडते. जुन्या द्रावणांतले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्रिसंयुजी क्रोमियमची द्रावणे सीलरसह तेच काम समाधानकारक करतात, त्यामुळे नव्या कामात जुन्या द्रावणाचा हट्ट धरू नये.

आणि एक धोका जो डोळ्यांना दिसत नाही. पिकलिंग व प्लेटिंगमध्ये निर्माण होणारा हायड्रोजन पोलादात शिरतो. १००० मेगापास्कलपेक्षा जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाचा बोल्ट मग आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो, भार वाढलेला नसतानाही. असे भाग प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर किमान ८ तास भाजावेत, अतिकठीण पोलाद २४ तासांपर्यंत. भाजणे पॅसिव्हेशनच्या आधी, कारण त्या उष्णतेत पॅसिव्हेशनचा पापुद्रा टिकत नाही. १२.९ श्रेणीच्या, म्हणजे फार मजबूत पोलादाच्या, बोल्टांना तर प्लेटिंग टाळून झिंक फ्लेकचा (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा) लेप द्यावा. त्यात विद्युतप्रक्रिया नसते, आणि सफाई आम्लाऐवजी ब्लास्टिंगने केली तर हायड्रोजन शिरायला वावच राहत नाही.

निकेल-क्रोम: छिद्रांशी लढा

चकचकीत दिसते ते क्रोमियम जेमतेम ०.३ मायक्रॉन असते. रक्षण करते ते खालचे निकेल, आणि बाहेरच्या वापराला ते २० ते ४० मायक्रॉन लागते. प्रचलित वॅट्स बाथमध्ये लिटरला २४० ते ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, ३० ते ६० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि ३० ते ४५ ग्रॅम बोरिक आम्ल असते. पीएच ३.५ ते ४.५, तापमान ४५ ते ६५ अंश. बोरिक आम्ल कमी पडले की कडांवर थर जळतो. वेटिंग एजंट (द्रावण पृष्ठभागावर नीट पसरवणारे द्रव्य) कमी पडला की हायड्रोजनचे बुडबुडे पृष्ठभागाला चिकटून तिथे छिद्र राहते. फिल्टर सतत चालू नसेल तर गाळाचे कण थरात अडकतात.

चांगले काम दुहेरी निकेलचे असते. खाली गंधकविरहित अर्धचकचकीत निकेल, जाडीच्या सुमारे दोन तृतीयांश, आणि वर गंधक असलेले चकचकीत निकेल. गंधकामुळे वरचे पूट खालच्याच्या तुलनेत ॲनोड होते. गंज वरून आत उतरतो, दोन पुटांच्या सीमेवर थबकतो आणि आडवा पसरतो. लोखंडापर्यंत पोचायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. यात मला सगळ्यांत सुंदर वाटते ते सूक्ष्मछिद्री क्रोमियम: चौरस सेंटिमीटरला १०,००० किंवा अधिक बारीक छिद्रे मुद्दाम ठेवायची, म्हणजे गंजाचा प्रवाह एका ठिकाणी न एकवटता हजारो जागी वाटला जातो आणि कुठेच खोल खणत नाही. ओरखड्याच्या प्रश्नाला दिलेले हे फार चतुर उत्तर आहे.

फवारणी आणि जागेवरची दुरुस्ती

पूल किंवा टाकी बाथमध्ये मावत नाही. तिथे तार वितळवून जस्त, ॲल्युमिनियम किंवा ८५:१५ जस्त-ॲल्युमिनियम फवारतात. हा थर रसायनाने जुळत नाही, खरखरीत पृष्ठभागाला केवळ यांत्रिक पकडीने धरतो. म्हणून ब्लास्टिंग किमान ‘एसए २½’ (जवळपास पूर्ण स्वच्छ पोलाद) दर्जाचे, तेही कोनदार ग्रिटने. गोल शॉटने पकड मिळत नाही. ब्लास्टिंगनंतर ४ तासांच्या आत फवारा आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर आहे याची खात्री करा. जाडी १०० ते २५० मायक्रॉन. थर सच्छिद्र असतो, म्हणून शेवटी पातळ सीलर द्यावा.

गॅल्व्हनाइज्ड मालावर लहान भाग उघडे राहिले तर आयएसओ १४६१ प्रमाणे एकूण क्षेत्राच्या ०.५ टक्क्यापर्यंत आणि एका जागी १० चौरस सेंटिमीटरपर्यंतच दुरुस्ती चालते. त्यापुढे माल पुन्हा बुडवायचा. दुरुस्तीचा झिंक रिच रंग किमान १०० मायक्रॉन हवा. जस्ताचे कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकले तरच त्यातून प्रवाह वाहतो, त्यामुळे सुकलेल्या थरात वजनाने ८० टक्क्यांहून जास्त जस्त असलेलाच घ्यावा. डब्यात जस्त तळाशी बसते, म्हणून लावताना सतत ढवळत राहा. ‘चंदेरी’ दिसणारा ॲल्युमिनियम रंग डोळ्यांना फसवतो, हे काम त्याचे नाही.

तपासणी

पोलादावरची जाडी चुंबकीय गेजने मोजतात. एकाच वाचनावर निर्णय नको. किमान १० चौरस सेंटिमीटरच्या संदर्भ क्षेत्रात ५ वाचने घेऊन सरासरी काढा. आयएसओ १४६१ नुसार ६ मिलिमीटरपेक्षा जाड पोलादाला सगळ्या मालाची सरासरी ८५ आणि स्थानिक, म्हणजे एका संदर्भ क्षेत्रातली, ७० मायक्रॉन, ३ ते ६ मिलिमीटरला ७० आणि ५५, दीड ते ३ मिलिमीटरला ५५ आणि ४५ मायक्रॉन लागतात. प्लेटिंगमध्ये गेज कडेवर नव्हे, खाचेच्या तळाशी किंवा सपाट भागाच्या मध्यावर लावा. सर्वांत पातळ थर तिथे असतो.

५ टक्के मिठाच्या फवाऱ्याची ३५ अंशांवरची चाचणी प्लेटिंगच्या दोन खेपा एकमेकींशी ताडून पाहायला उपयोगी आहे. तिचे तास वर्षांत बदलू नयेत. उघड्या हवेत जस्त आलटून-पालटून ओले आणि कोरडे होते, कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यावर झिंक कार्बोनेटचे घट्ट कवच बसते. सतत ओल्या पेटीत ते कवच बनतच नाही, त्यामुळे चांगले जस्तही तिथे वाईट ठरते.

साठवण, जोडणी, रंग

ते कवच बसायला हवा लागते, आणि पांढऱ्या गंजाचे मूळ इथेच आहे. नवे जस्ती पत्रे एकमेकांवर चिकटवून ठेवले आणि मध्ये पाणी शिरले की काही दिवसांत पांढरी भुकटी धरते. पत्रे तिरके ठेवा, मध्ये कोरड्या पट्ट्या घाला, प्लॅस्टिकने आवळून झाकू नका. हलका पांढरा गंज नायलॉनच्या ब्रशने निघतो. खाली काळपट झाले असेल तर आधी जाडी मोजून मग ठरवा.

तांब्यावरून वाहून आलेले पाणी जस्तावर पडू देऊ नका. विरघळलेले तांबे जस्तावर बसते आणि प्रत्येक ठिपका कॅथोड होतो. पाइपलाइनमध्येही प्रवाहाच्या दिशेत जस्ती पाइप आधी, तांबे नंतर. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला जस्ती स्क्रू लावले तर लहान ॲनोडवर मोठ्या कॅथोडचा तोच भार येतो. जस्ती पत्र्याला स्टेनलेसचे स्क्रू मात्र बहुधा चालून जातात.

जस्तावर अल्किड ऑइल पेंट थेट लावू नये. जस्त त्याच्याशी साबण बनवते आणि रंग चादरीसारखा सुटतो. आधी हलके ब्लास्टिंग, मग जस्तासाठी बनवलेला इपॉक्सी प्रायमर. वेल्ड करायचे असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचे २५ ते ५० मिलिमीटर जस्त घासून काढा. जस्त ९०७ अंशांना उकळते, त्याचा धूर छातीत गेला की काही तासांत थंडी-ताप भरतो आणि वेल्डमध्येही बुडबुडे राहतात. वेल्ड झाल्यावर स्लॅग काढून, चमकदार लोखंड दिसेपर्यंत घासून, झिंक रिच रंगाचे दोन हात द्या आणि सुकल्यावर गेज पुन्हा लावा.